पाउ कासाल्स यांचे मौन

चेलो हे वाद्य मराठी माणसास नावाने फारसे ठाऊक नसले तरी कानाने ठाऊक आहे. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत गाणाऱ्याचा आवाज क्षणभर थांबतो आणि मागून दाटलेल्या कंठाचा, खर्जाकडे झुकणारा एक स्वर उमटतो. तो पुष्कळदा चेलोचा असतो. मुंबईच्या ध्वनिमुद्रणालयांत अशी पाश्चात्य वाद्ये वाजविणाऱ्यांत गोमंतकीयांचा मोठा भरणा होता. गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकावे, पोटासाठी मुंबईस यावे आणि दुसऱ्यांच्या गाण्यास साथ करून निघून जावे, असा त्यांतील अनेकांचा जन्म गेला. पडद्यावरील नामावळीत त्यांची नावे क्वचितच आली. अलीकडे दिल्लीस स्थायिक झालेल्या सास्किया राव-द हास यांनी या वाद्यास तरफेच्या तारा बसवून त्याचा भारतीय अवतारच सिद्ध केला आहे. व्हायोलिनचा हा थोरला भाऊ. वादक खुर्चीवर बसून तो गुडघ्यांत धरतो आणि चार तारांवर गज फिरवितो. पुरुषाच्या आवाजाच्या इतके जवळ जाणारे वाद्य दुसरे क्वचितच असेल.

या वाद्यास ज्यांनी जगभर मान मिळवून दिला ते पाउ कासाल्स यांची हकीकत आज सांगावयाची आहे. जगाने त्यांस स्पॅनिश वळणाने ‘पाब्लो’ म्हटले. ते स्वतः आपले कॅटलन नाव ‘पाउ’ हेच खरे मानीत. कॅटलन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘शांतता’ असाही होतो.

या विषयाकडे आम्ही वळलो त्यास एक लहानसे निमित्त झाले. चंडीगडच्या हिवाळ्यात, धुके दुपारपर्यंत हलत नाही अशा सुटीच्या दिवशी, परमुलखातील माणसाने करावे तरी काय? सेक्टर बावीसमध्ये आमचे एक वयोवृद्ध स्नेही राहतात. जन्म लाहोरचा; आठव्या वर्षी आईचे बोट धरून इकडे आले. त्यांच्या नातवाने त्यांस बाखच्या चेलोवादनाच्या तबकड्या भेट दिल्या होत्या, त्या ऐकण्यास त्यांनी आम्हांस बोलाविले. वादन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, “हा माणूस आपल्या देशाच्या वेशीवर जन्म काढत बसला. आमचे तर परत जाण्याचे दारच बंद झाले होते. याचे दार उघडे होते, तरी हा गेला नाही.” ते वाक्य मनातून जाईना, म्हणून आम्ही कासाल्स यांच्याविषयी मिळेल ते वाचले. दार तसे सताड उघडे नव्हते हे वाचनाअंती कळले. परंतु स्नेह्यांचे म्हणणे सर्वस्वी चूकही नव्हते.

कासाल्स यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजी बार्सेलोनाच्या नैर्ऋत्येस असलेल्या वेन्द्रेल या लहान गावी झाला. वडील कार्लेस गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि गायकवृंद शिकवीत. आई पिलार ही त्या काळी स्पेनची वसाहत असलेल्या पोर्तो रिको बेटावर जन्मलेली. एकदा गावात भटके वादक आले. त्यांच्यापैकी एकाने केरसुणीच्या दांड्यास तार लावून गजाने वाजविण्याजोगे एक वाद्य केले होते. मुलगा घरी येऊन त्याविषयीच बोलत राहिला. तेव्हा वडिलांनी वाळलेला भोपळा घेऊन त्यास दांडी व एक तार बसवून दिली. कासाल्स यांचे पहिले चेलो ते हेच. तंबोऱ्याचा आणि वीणेचा भोपळा पाहत वाढलेल्या आम्हांस ही गोष्ट फार आपलीशी वाटली. तो भोपळा त्यांनी पुढे जन्मभर जपला.

खरे चेलो त्यांनी अकराव्या वर्षी, बार्सेलोनाचे एक प्राध्यापक गावात वाजविण्यास आले तेव्हा ऐकले. मग घरात वाद सुरू झाला. वडिलांचे मत असे की, संगीतावर पोट भरत नाही, मुलास सुताराकडे उमेदवारीस ठेवावे. आईने ऐकले नाही. मुलास घेऊन ती बार्सेलोनास गेली आणि तेथील नगरपालिकेच्या संगीतशाळेत तिने त्याचे नाव घातले. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी पोटापाण्याच्या याच हिशेबाने सतार किंवा पेटी माळ्यावर टाकून स्पर्धापरीक्षेचे अर्ज भरले, त्यांस वडिलांचे म्हणणे समजावून सांगावयास नको.

त्या काळी चेलो शिकविताना विद्यार्थ्याच्या काखेत पुस्तक धरावयास लावीत. गजाच्या हाताचे कोपर अंगाशी चिकटलेले राहावे, हा त्यामागचा हेतू. डाव्या हाताची रीतही अशीच अवघडलेली होती. दूरचा स्वर हवा की सगळा पंजा उचलून पुढे सरकवावयाचा. बारा वर्षांच्या मुलास हे पटेना. त्याने पुस्तक टाकून हात मोकळा केला आणि पंजा न हलविता बोटे फाकवून स्वर गाठण्यास सुरुवात केली. गुरू प्रथम चकित झाले, पण त्यांनी अडविले नाही. पुढे जगभरच्या चेलोवादकांनी हाच मार्ग धरला. स्वराच्या नेमकेपणाविषयी कासाल्स यांची कल्पनाही आपल्या श्रुतिविचाराच्या फार जवळची होती. पियानोच्या ठरीव स्वरांवर बोट टेकून त्यांचे समाधान होत नसे. कोणता स्वर कोणत्या स्वराकडे निघाला आहे हे पाहून ते त्यास किंचित चढवीत वा उतरवीत. बेसूर वाजविणे ही विवेकाशी केलेली प्रतारणा आहे, असे ते शिष्यांस सांगत.

१८९० साली वडील भेटीस आले असता दोघे बार्सेलोनाच्या बंदराजवळील एका जुन्या संगीतपुस्तकांच्या दुकानात शिरले. उपाहारगृहात रात्री वाजविण्यासाठी काही चिजा हव्या होत्या. तेथे धुळीने भरलेल्या कागदांत बाखचे चेलोसाठी लिहिलेले सहा ‘सुईट’ हाती लागले. सुईट म्हणजे जुन्या नृत्यप्रकारांवर बांधलेल्या गतींची माला. आरंभी आलापासारखे एक पूर्वांग आणि मग मंद, द्रुत, पुन्हा मंद अशा गती. बाखने या रचना १७२० च्या सुमारास लिहिल्या. त्यांस कोणत्याही वाद्याची साथ नाही. चेलोवादक त्यांतील एखाददुसरा तुकडा बोटांचा व्यायाम म्हणून वाजवीत. संपूर्ण सुईट श्रोत्यांपुढे वाजवावा असे कोणाच्या मनात येत नसे. तेरा वर्षांचा हा मुलगा ते कागद उराशी धरून घरी गेला आणि रोज एक याप्रमाणे घोकू लागला. लोकांसमोर त्यांतील एक अखंड वाजविण्याचे धैर्य होण्यास पुढे सुमारे बारा वर्षे गेली. आपल्याकडे एकाच रागावर बारा वर्षे घालविणाऱ्या उस्तादांच्या कथा आपण ऐकतो. युरोपात असे उदाहरण विरळा.

यानंतरच्या यशाची हकीकत आम्ही थोडक्यात आटोपतो. माद्रिदला राणी मारिया क्रिस्तिनाकडून शिष्यवृत्ती. ब्रसेल्सच्या संगीतविद्यालयात प्राध्यापकाने भर वर्गात टर उडविली म्हणून दुसऱ्याच दिवशी ते शहर सोडणे आणि त्यापायी शिष्यवृत्ती गमावणे. पॅरिसमधील उपासमारीचे दिवस, ज्यांत आईने आपले लांब केस विकले. आणि अखेर १८९९ साली त्याच पॅरिसमध्ये लामुरो यांच्या वाद्यवृंदासह झालेले विजयी पदार्पण. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीसमोर आणि १५ जानेवारी १९०४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर व्हाइट हाउसमध्ये त्यांचे वादन झाले. पियानोवादक कोर्तो व व्हायोलिनवादक तिबो यांच्यासह १९०५ पासून त्यांचे त्रिकूट युरोपभर गाजले.

या काळातील एकच प्रसंग आम्हांस येथे सविस्तर सांगावासा वाटतो. १९०१ साली अमेरिकेच्या दौऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका डोंगरावरून उतरताना एक धोंडा घरंगळत आला आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटे ठेचली गेली. रक्तबंबाळ हाताकडे पाहताच त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा की, सुटलो, आता पुन्हा चेलो वाजवावे लागणार नाही! ही गोष्ट त्यांनीच पुढे सांगितली आहे. जे काम आपण उत्तम करतो त्याचे ओझे किती असते याची इतकी प्रांजळ कबुली आम्ही दुसऱ्या कोणा कलावंताच्या तोंडी वाचलेली नाही. बोटे बरी झाली आणि ओझे परत खांद्यावर आले.

१९२० मध्ये त्यांनी बार्सेलोनात स्वतःच्या नावाचा वाद्यवृंद स्थापन केला. पहिली वर्षे त्याची तूट त्यांनी चेलोच्या कमाईतून भरून काढली. १९२६ मध्ये कामगारांसाठी एक संगीतसभा निघाली. गिरणी-कारखान्यांतील माणसांनी रविवारी सकाळी अल्प वर्गणीत तोच वाद्यवृंद ऐकावा, जो इतर दिवशी श्रीमंत ऐकत. ही सभा कामगार स्वतः चालवीत. १९३१ साली स्पेनमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, तेव्हा कासाल्स यांनी बीथोव्हनची नववी सिंफनी वाजवून त्याचे स्वागत केले. ज्या राणीने त्यांस वाढविले तिचाच मुलगा या घटनेने पदच्युत झाला होता. राणीविषयीची कृतज्ञता त्यांनी कधी लपविली नाही आणि प्रजासत्ताकावरील निष्ठाही सोडली नाही.

१८ जुलै १९३६ च्या संध्याकाळी हीच सिंफनी पुन्हा चालू होती. दुसऱ्या दिवशी बार्सेलोनात भरणाऱ्या लोकक्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनास ती वाजावयाची होती, आणि त्याची ही अखेरची तालीम. शेवटच्या भागास, जेथे गायकवृंद मानवाच्या बंधुत्वाचे गीत म्हणतो तेथे, येण्यापूर्वी सरकारचा निरोप आला : सैन्याने बंड केले आहे, शहरावर हल्ला होण्याचा संभव आहे, सर्वांनी ताबडतोब घरी जावे. कासाल्स यांनी निरोप वाचून दाखविला आणि विचारले, पुन्हा कधी भेटू ठाऊक नाही, तर निघण्यापूर्वी हे पुरे करावयाचे काय? सगळे ‘होय’ म्हणाले. सिंफनी शेवटपर्यंत वाजली, वादक वाद्ये उचलून घरोघर गेले आणि रस्त्यांवर मोर्चे बांधले जाऊ लागले. तो वाद्यवृंद तेथेच संपला.

पुढील यादवी युद्धाचा इतिहास सांगण्याचे हे स्थळ नव्हे. जनरल फ्रँको यांस हिटलर व मुसोलिनी यांनी विमाने व माणसे पुरविली. इंग्लंड-फ्रान्स यांनी ‘अहस्तक्षेप’ या नावाखाली हात झटकले. हिंदुस्थानात या युद्धाकडे पाहणारे डोळे पुष्कळ होते. १९३८ च्या जूनमध्ये पंडित नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह बार्सेलोनास जाऊन पाच दिवस राहिले आणि तेथील विमानहल्ले त्यांनी स्वतः अनुभविले. त्याच साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्या पथकाचे प्रमुख डॉ. अटल हे स्पेनमध्ये सेवा करून आलेले होते. नेहरूंनी पाहिलेल्या त्याच बार्सेलोनात १९ ऑक्टोबर १९३८ रोजी कासाल्स यांनी मुलांच्या साहाय्यासाठी लिसेउ नाट्यगृहात वादन केले आणि मध्यंतरात आकाशवाणीवरून जगास विनविले की, स्पेनचा असा खून होऊ दिलात तर उद्या पाळी तुमची आहे. फ्रँको यांच्या एका सेनापतीने नभोवाणीवरून धमकी दिली होती की, हा कासाल्स सापडला तर त्याचे हात कोपरापासून तोडू. आमच्या स्नेह्यांनी ज्या दारास उघडे म्हटले ते दार पहिली काही वर्षे असे होते.

२६ जानेवारी १९३९ रोजी बार्सेलोना पडले. चार-पाच लाख माणसे पायी पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये शिरली. फ्रेंच सरकारने त्यांस समुद्रकाठच्या वाळूत, काटेरी तारांच्या आड ठेवले. आर्जेलेस येथे तर प्रथम छप्परही नव्हते. लोक वाळूत खड्डे खणून झोपत. चंडीगडमध्ये राहणाऱ्यांस अशा गोष्टी पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. हे शहरच मुळी लाहोर गमावलेल्या पंजाबासाठी वसविले गेले आणि १९५३ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या जुन्या सेक्टरांतील वृद्धांच्या घरी अजून कुरुक्षेत्र-अंबाल्याच्या छावण्यांच्या आठवणी निघतात.

कासाल्स सीमेपलीकडे प्राद या गावी राहिले. गाव फ्रान्समध्ये, पण भाषा कॅटलन. समोर कानिगू पर्वत आणि त्याच्या पलीकडे स्वदेश. प्रथम हॉटेलातील एक खोली, मग ‘व्हिला कोलेत’ नावाचे लहानसे भाड्याचे घर. अमेरिकेत त्यांस मानाने बोलाविणारे पुष्कळ होते. ते गेले नाहीत. आणि येथूनच त्यांच्या आयुष्याचा तो भाग सुरू होतो ज्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

त्यांनी कारकुनी आरंभिली. हा शब्द आम्ही जाणून वापरतो. छावण्यांतून त्यांच्या नावे पत्रे येऊ लागली : कोणाचा मुलगा हरवला, कोणास कांबळे हवे, कोणास मेक्सिकोस जाण्यासाठी शिफारस हवी, कोणी नुसतेच लिही की आपण जिवंत आहात हे कळून बरे वाटले. कवी जुआन आलावेद्रा यांच्यासह कासाल्स टेबलापाशी बसत आणि फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका येथील संस्थांस व ओळखीच्या लोकांस मदतीसाठी पत्रे लिहीत. आलेल्या धान्याच्या, कपड्यांच्या व पैशांच्या वाटपासाठी मालमोटारी भरून ते स्वतः छावण्यांत जात. अशी हजारो पत्रे त्यांनी लिहिली, आणि पुष्कळशी स्वहस्ते. जगातील सर्वांत मोलाचा म्हणून ज्या हाताचा लौकिक होता तो हात दिवसचे दिवस लेखणी धरून होता.

कारकुनीस आपल्याकडे कोणी मान देत नाही. ती करणारेही देत नाहीत. टपाल आवक, टपाल जावक, टिप्पणी, स्मरणपत्र. आम्ही गेली दहाबारा वर्षे हेच करीत आलो आहोत. एका विधवेच्या निवृत्तिवेतनाची फाइल तिच्या नावातील एका अक्षराच्या फरकापायी आमच्या टेबलावर सहा महिने पडून राहिली होती, हेही येथे लिहून ठेवतो. ते अक्षर दुरुस्त करण्यास अखेर एक पत्र पुरले. हे पत्र पहिल्याच आठवड्यात लिहिता आले असते. प्रादच्या त्या टेबलाविषयी वाचताना आम्हांस ती फाइल आठवली, आणि पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावे लागले.

१९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा खाली येऊ लागल्या तेव्हा मित्रांच्या आग्रहाने त्यांनी बोर्दो बंदरातून अमेरिकेस निघण्याचा प्रयत्न केला. ज्या ‘शाँप्लँ’ बोटीची वाट पाहत होते ती सुरुंगावर आदळून बुडाली. परत प्रादला आले तर हॉटेलवाल्याने भीतीने दार उघडले नाही. गावच्या एका तंबाखूविक्या दुकानदाराने आसरा दिला. जर्मन अंमलात एके दिवशी तीन अधिकारी घरी आले आणि त्यांनी बर्लिनला येऊन वाजविण्याचे अगत्याने निमंत्रण दिले. १९३३ पासून कासाल्स यांनी जर्मनीत वाजविण्यास नकार दिलेला होता. या वेळी त्यांनी संधिवाताचे कारण पुढे केले. निदान येथे थोडे वाजवा, असे अधिकारी म्हणाले, तर खांदा दुखतो असे उत्तर मिळाले. वैद्यकीय कारणाचा इतका उदात्त उपयोग आमच्या कचेरीत आम्ही कधी पाहिला नाही.

महायुद्ध संपले. १९४५ च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडला गेले. लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये माणसे मावेनात. हिटलर गेला, मुसोलिनी गेला, आता फ्रँकोही जाईल अशी त्यांची, आणि प्रत्येक निर्वासिताची, खात्री होती. परंतु ब्रिटिश सरकारचा तसा विचार नाही हे काही महिन्यांतच उघड झाले. तेव्हा त्यांनी ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांच्या सन्माननीय पदव्या नाकारल्या, ठरलेले कार्यक्रम रद्द केले आणि प्रादला परतून जाहीर केले की, फ्रँकोस मान्यता देणाऱ्या देशांत आपण वाजविणार नाही. असे देश वाढतच गेल्याने या निश्चयाचा अर्थ एकच झाला : चेलो बंद. वय एकोणसत्तरीला टेकलेले, म्हणजे वादकाच्या हाताचे जे थोडे दिवस उरतात तेच त्यांनी खर्ची घातले.

येथे आमचा एक प्रश्न आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. या मौनाने काय साधले? संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर १९४६ मध्ये सभासद देशांस माद्रिदहून राजदूत परत बोलाविण्याची शिफारस केली खरी. पण नोव्हेंबर १९५० मध्ये ती मागे घेतली. सप्टेंबर १९५३ मध्ये अमेरिकेने लष्करी तळांच्या बदल्यात फ्रँको यांच्याशी करार केला. डिसेंबर १९५५ मध्ये स्पेन राष्ट्रसंघाचे सभासद झाले. १९५६ मध्ये भारतानेही राजनैतिक संबंध जोडले. तो बार्सेलोनाचे विमानहल्ले पाहून आलेल्या नेहरूंचा भारत होता. राज्ये अशीच चालतात, आणि आम्ही राज्याचेच नोकर असल्याने याहून अधिक लिहीत नाही. (सरकारी सेवकाच्या वर्तणूक नियमांत निव्वळ वाङ्मयीन लेखनास पूर्वपरवानगी लागत नाही, हा लेख त्या कलमात बसावा अशी आमची इच्छा आहे.) चेलो थांबल्याने एकही राजदूत थांबला नाही, एवढे मात्र खरे.

मौन मोडले तेही मोठ्या खुबीने. बाखच्या मृत्यूस १९५० मध्ये दोनशे वर्षे होत होती. व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांनी कासाल्स यांस सुचविले की, तुम्ही जगाकडे जात नसाल तर जग तुमच्याकडे येईल. आणि खरोखरच आयझॅक स्टर्न, सिगेती, रुडॉल्फ सेर्किन, क्लारा हास्किल असे नामांकित वादक त्या आडगावी आले. २ जून १९५० च्या रात्री प्रादच्या सेंट पीटर चर्चमध्ये, ज्या सुईटची पाने साठ वर्षांपूर्वी धुळीतून निघाली होती त्यांतील पहिल्याने उत्सवास आरंभ झाला. चर्चमध्ये टाळ्या वाजविण्यास मनाई होती. वादन संपताच सारे श्रोते निमूटपणे उभे राहिले.

एकदाच, १९५५ च्या जानेवारीत, त्यांनी सीमा ओलांडली. निर्वासकाळात ज्यांनी त्यांचे घर सांभाळले त्या फ्रान्सेस्का व्हिदाल यांचे प्रादला निधन झाले. वेन्द्रेलच्या भूमीत पुरावे ही त्यांची इच्छा होती. कासाल्स शवपेटीबरोबर गेले, दफन झाले आणि परत आले.

त्याच वर्षाअखेर ते आईची जन्मभूमी पोर्तो रिको पाहण्यास गेले आणि पुढे तेथेच राहिले. १९५७ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊनही ते उठले आणि त्याच वर्षी, ऐंशी वर्षांचे असता, वीस वर्षांच्या आपल्या शिष्येशी, मार्ता मोंतान्येस यांच्याशी, विवाहबद्ध झाले. लोकांनी जे बोलावयाचे ते बोलले. मार्ताबाईंनी अखेरपर्यंत त्यांची साथ केली.

मग २४ ऑक्टोबर १९५८ रोजी राष्ट्रसंघाच्या सभागृहात, आणि १३ नोव्हेंबर १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांच्या निमंत्रणावरून व्हाइट हाउसमध्ये, त्यांनी वादन केले. पहिल्या ठिकाणी स्पेनचा प्रतिनिधी सभासद म्हणून बसत होता, दुसऱ्याचा फ्रँकोशी लष्करी करार होता. म्हणजे प्रतिज्ञा मोडलीच, असे कोणी म्हणेल. स्वतः कासाल्स यांचे म्हणणे असे की, राष्ट्रसंघ ही कोणा एका देशाची भूमी नव्हे, आणि केनेडी या माणसाकडून त्यांस आशा होती. आम्हांस हे समर्थन पुरते पटत नाही. कायद्याचे कलम जसे सोयीने वाचता येते तशीच प्रतिज्ञाही, हे आम्ही रोज पाहतो. पण पंच्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील माणसाने पंधरा वर्षे गप्प बसून पाहिले, जग हलले नाही, तेव्हा निराळा उपाय करून पाहिला, यात दोष काढण्याइतके धारिष्ट आमच्या अंगी नाही. व्हाइट हाउसच्या त्या मैफलीत थिओडोर रूझवेल्ट यांची कन्या ॲलिस हजर होती. सत्तावन्न वर्षांपूर्वीचे वादनही तिने त्याच वास्तूत ऐकले होते. अखेरीस कासाल्स यांनी वाजविले ते कॅटलोनियातील एक साधे नाताळगीत, ‘पक्ष्यांचे गाणे’. निर्वासित झाल्यापासून मैफलीची अखेर ते याच गीताने करीत.

२४ ऑक्टोबर १९७१ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, पुन्हा राष्ट्रसंघात त्यांनी हे गीत वाजविले आणि आधी मोडक्या इंग्रजीत सांगितले की, माझ्या देशातले पक्षी आकाशात ‘शांतता, शांतता’ असे गातात. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन येथे त्यांचे निधन झाले. फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ पर्यंत जगले. अवघ्या दोन वर्षांचे अंतर! ९ नोव्हेंबर १९७९ रोजी कासाल्स यांची शवपेटी वेन्द्रेलला आणून तेथील भूमीत ठेवण्यात आली.

निर्वासितांच्या त्या पत्रव्यवहाराचे पुढे काय झाले याची चौकशी कारकून या नात्याने आम्ही साहजिकच केली. कासाल्स यांची कागदपत्रे बार्सेलोनाजवळ सांत कुगात येथे कॅटलोनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गेल्या रविवारी हे आम्ही आमच्या लाहोरी स्नेह्यांस सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की, फाळणीनंतर छावणीत असताना त्यांच्या वडिलांनीही एका सरकारी कचेरीस धाकट्या भावाच्या शोधासाठी पत्रे लिहिली होती, एकूण अकरा. उत्तर एकाचेच आले, पण त्यावर कोणा बाबूने शाईने, छापील मजकुराखाली, शोध चालू आहे असे दोन शब्द अधिक लिहिले होते. तो कागद वडिलांनी शेवटपर्यंत ठेवला होता. एवढे बोलून त्यांनी तबकडी उलटी करून लावली.